बर्फाची सुट्टी

साप्पोरोला बर्फ पडला आणि बेडोकमध्ये माझी पंचाईत झाली.

साप्पोरो हे जपानच्या उत्तरेकडचं शहर. माझा त्याच्याशी संबंध येण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. पण माझी सून अश्लेषा ज्या कंपनीत आहे तिची गोदामं तिथे आहेत, आणि कुठला ट्रक निघाला, कुठला माल अडकला हे ज्या कॉम्प्युटरवर दिसतं, तो इथे सिंगापुरात बसून अश्लेषा सांभाळते. त्या दिवशी सकाळी तिच्या साहेबांचा निरोप आला. तिकडे रात्रभर बर्फ कोसळतोय, रस्ते बंद आहेत, एकही ट्रक हलणार नाही. वर्षअखेरीला फार राबलीस, तेव्हा आज ऑफिसला येऊ नकोस, घरी आराम कर.

अश्लेषानं तो निरोप दोनदा वाचला. मग फोन पालथा ठेवून ती खुर्चीत बसली आणि नुसतीच समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. माझी नात जाई दप्तर पाठीला अडकवत होती. “नॉट फेअर ला, आई,” ती इथल्या मुलांसारखा शेवटी ‘ला’ लावत म्हणाली. बर्फ तिकडे आणि सुट्टी इकडे, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं. अश्लेषा हसली. म्हणाली, आज मीपण बर्फ पडल्यासारखंच वागणार. हॉलमधला एसी जोरात लावणार, गोधडी काढणार, सोफ्यावर आडवी होणार आणि खिडकीतून पाऊस बघणार. दुसरं काहीसुद्धा करणार नाही.

बाहेर पाऊस होताच. जानेवारीत इथे अशी एक झड लागते की दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही आणि एरवी घामाघूम फिरणारी माणसं बसमध्ये जाकिटं घालून बसतात. बेत उत्तम होता. त्यात अडचण एकच होती, ती म्हणजे मी.

माझी ओळख करून द्यायला हवी. मी चंद्रशेखर. सगळी नोकरी पुण्यात विद्यापीठाच्या परीक्षा विभागात केली. त्यामुळे तुमच्या चेहऱ्यावर कायम समोरच्याला नापास केल्याचा भाव असतो, असं आमची ही म्हणायची. ही गेली, आणि निशिकांतनं, म्हणजे माझ्या मुलानं, मला थोडे दिवस म्हणून इथे आणलं. मग व्हिजिट पास वाढत गेला आणि त्याबरोबर ते थोडे दिवसही वाढत गेले.

त्या थोड्या दिवसांचा निकाल त्याच दिवशी लागायचा होता. पुण्यात सहकारनगरला माझा फ्लॅट आहे. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना तो त्यांच्या मुलासाठी हवा होता आणि हो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. निशिकांतचं म्हणणं पक्कं होतं. फ्लॅट विका आणि कायमचे आमच्याकडे राहा, आता या वयात एकटं कशाला राहायचं? मुलगा भला आहे, मनापासून बोलत होता. पण फ्लॅट गेला की परत जायला जागा उरत नाही, एवढं मला समजत होतं. समजत नव्हतं ते अश्लेषाच्या मनातलं. तिला विचारलं की एकच उत्तर यायचं, “तुम्हाला बरं वाटेल तसं करा, बाबा.” परीक्षा विभागात असल्या उत्तराला आम्ही शून्य दिलं असतं.

आता माझ्या पंचाइतीबद्दल. निशिकांत उजाडायच्या आत घर सोडतो, कारण त्याची कंपनी तुआसला आणि आम्ही बेडोकला, म्हणजे बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं. त्याच्यामागे जाई, मग अश्लेषा. शेवटचं दार लागलं की हे घर माझं होतं. मी सदरा काढतो आणि नुसत्या बनियनवर बसतो. दुसरा चहा करतो, त्यात डॉक्टरांनी बंद केलेली साखर घालतो. टीपॉयवर पाय टाकून फोनवर मोठ्यांदा जुनी नाट्यगीतं लावतो. नंतर त्याच सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपतो. ही सगळी चैन लपूनछपून करायची, कारण सुनेसमोर मी बनियनवर बसत नाही. कुणी सांगितलेलं नाही, पण बसवतच नाही.

आणि ती माझ्यासमोर आडवी होत नाही. हेही तिला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या हिनं तर कधीच असली बंधनं घातली नव्हती. पण माहेरी तिच्या आईनं सासऱ्यासमोर पाय पसरलेले तिनं पाहिले नसणार, तेव्हा ते हाडांत मुरलं आहे. कॉम्प्युटरवरून सबंध गोदाम हलवणारी ही मुलगी, पण मी हॉलमध्ये आलो की पाय खाली घेते आणि ओढणी नसली तरी ती सारखी केल्यासारखा हात गळ्याशी नेते.

ती किती थकली आहे ते मला दिसत होतं. मागच्या आठवड्यात मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ती वॉशिंग मशीनला टेकून उभी होती. मशीन थांबलेलं होतं आणि ती उभ्याउभ्या झोपली होती. मी पाणी न पिताच परत आलो.

म्हणून त्या सकाळी मी ठरवलं की आपण आपल्या खोलीत बसून राहायचं. माझी खोली लहान असली तरी मला पुरते. अश्लेषानं हॉलमध्ये एसी लावला, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून गोधडी काढली. ही गोधडी आमच्या हिनं शिवलेली. निशिकांतच्या लग्नानंतर तिनं ती सिंगापूरला पाठवली होती. विषुववृत्तावर गोधडी कशाला, म्हणून मी तेव्हा तिची भरपूर चेष्टा केली होती. सोफ्याच्या स्प्रिंगा वाजल्या, मला बरं वाटलं.

पण आमच्या घरी माझ्या खोलीतून कुठंही जायचं तर हॉलमधूनच जावं लागतं. मी पाण्याला गेलो, ती उठून बसली. मी म्हणालो, पड गं तू. ती म्हणाली, हो, पडतेच आहे, तुम्हाला चहा करू का? मी नको म्हणालो आणि परत आलो. थोड्या वेळानं बाथरूमला जावं लागलं. ती पुन्हा उठून बसली, केस बांधत विचारलं, एसी जास्त होतोय का तुम्हाला? परत येताना तीच कथा. त्यानंतर मी जाणं रोखून धरायचा प्रयत्न केला, पण माझ्या वयाच्या माणसाला तो निभत नाही. तिसऱ्या खेपेला तिच्या चेहऱ्यावर झोपेतून ओढून काढल्याची कळ मला स्पष्ट दिसली. ती हसली, पण फार कष्टानं.

मग मात्र माझा मलाच राग आला. एक दिवस मिळालाय पोरीला, तोही जपानात बर्फ पडला म्हणून, आणि मी मध्ये धोंड होऊन बसलोय. मी पँट चढवली, छत्री घेतली आणि सांगितलं, की तिच्या मैत्रिणीच्या, मीनलच्या, वडिलांकडे पत्ते खेळायला जातो, परवाच ठरलंय, जेवायलाच येईन. अश्लेषा म्हणाली, या पावसात? मी म्हणालो, ठरलंय म्हणजे ठरलंय. असं मी फटकन बोललो की माणसं पुढे विचारत नाहीत. नापास करणाऱ्या चेहऱ्याचा तेवढा उपयोग होतो.

मी कुठंच जाणार नव्हतो. दोन इमारती ओलांडल्या की हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्यापिण्याचे स्टॉल, आहे, तिथे जाऊन बसलो. पावसाची झड आत येऊ नये म्हणून त्यांनी प्लास्टिकचे पडदे सोडले होते, तरी टेबलं दमट होती. मी एक कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतली, दाट गोड दुधाची. घोट घेतला आणि मन लावून त्या गोडीचा आनंद घ्यायचा प्रयत्न केला. पण चोरून खाल्लेली साखर घरी गोड लागते, बाहेर नुसती साखर लागते. पायांत सँडल होत्या, मोजे भिजले होते. शेजारच्या टेबलावर एक चिनी आजोबा पेपर वाचता वाचता पेंगत होते. तेही कुणाला तरी घर मोकळं करून देऊन आलेत की काय, असं मला वाटून गेलं.

बसल्याबसल्या मी विचार केला. इथे कायमचं राहिलो तर असे दिवस किती येतील? तिची सुट्टी, तिचं आजारपण, तिच्या आईचं येणं. दर वेळी मी असाच छत्री घेऊन निघेन. आणि पाय थकले, निघता येईनासं झालं, की मग? मला घरची फार आठवण आली. सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये काही सोनं ठेवलेलं नाही, पण तिथे मी पाहिजे तेव्हा बनियनवर फिरतो. आणि मग लाज वाटली, की मुलगा एवढं म्हणतोय आणि आपण बनियनचा विचार करतोय.

दुसरी कोपी घ्यावी का, अशा विचारात मी मान वर केली, तर पडदा सारून अश्लेषा आत येत होती. सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात मिटलेली छत्री. तिनं मला पाहिलं नाही. आल्याचा चहा घेतला, पलीकडच्या टोकाला माझ्याकडे पाठ करून बसली, ग्लास दोन्ही हातांत धरला आणि डोकं हळूच टेबलावर टेकवलं.

मला काही कळेना. क्षणभर वाटलं, घरी काही झालं. मग वाटलं, आपण हळूच मागच्या बाजूनं सटकावं. पण ते टेबलावर टेकलेलं डोकं बघून मला जाववेना. मी माझा कप घेऊन उठलो आणि तिच्यासमोर जाऊन बसलो.

ती दचकली, सवयीनं सावरून बसली. हळूहळू उलगडा झाला. मीनलचे वडील आठवड्यापूर्वीच भारतात गेले होते. हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. मी लिफ्टपर्यंत पोचायच्या आत तिनं ओळखलं, की बाबा तिच्यामुळे बाहेर पडले आणि या पावसात कुठंतरी भटकणार. तिला गोधडीत पडवेना. तिनं मला मेसेज केला, की ती मीनलकडे जाते आहे, जाई येईपर्यंत येणार नाही, घर मोकळं आहे, तुम्ही घरी या. आणि ती खरोखरच बाहेर पडली. मीनल ऑफिसात, तेव्हा जाणार कुठे? मी मेसेज वाचत नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही.

“एसी?” मी विचारलं.

“चालूच आहे,” ती म्हणाली.

रिकाम्या घरात एसी चालू होता, सोफ्यावर गोधडी पसरलेली होती, खिडकीतून पाऊस दिसत होता. आणि तिथे आडवं व्हायला तरसलेली दोन माणसं भिजून हॉकर सेंटरच्या स्टुलांवर बसली होती. मला हसू आलं. तीही हसली, पण हसता हसता तिनं चष्मा काढला आणि डोळे दाबून धरले. ती रडत नव्हती. तेवढी ताकद तिच्यात नव्हती.

मी तेव्हा विचारलं नसतं तर पुन्हा कधीच विचारलं नसतं.

“अश्लेषा, संध्याकाळी मला फ्लॅटचं सांगायचंय. मी इथे कायमचा राहिलो तर तुला चालेल?”

तिनं तोंड उघडलं. काय येणार ते मला पाठ होतं, म्हणून मी हात वर केला. म्हणालो, मला बरं वाटेल ते नको सांगूस. मी वाईट वाटून घेईन, पण रागावणार नाही.

तिनं चहाचा ग्लास बाजूला सारला. पडद्यावर पाऊस वाजत होता.

“नाही चालणार, बाबा,” ती म्हणाली.

मला लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. विचारताना माणूस तयारीनं विचारतो, पण आतून त्याला ‘चालेल’ हेच ऐकायचं असतं. मी कोपीचा रिकामा कप उगाच फिरवत राहिलो.

ती घाईघाईनं बोलायला लागली. म्हणाली, तुम्ही जाईला खायला देता, कपड्यांच्या घड्या घालता, कधी एक शब्द वावगा बोलला नाहीत. “तुम्ही वाईट असतात तर बरं झालं असतं. भांडून मोकळी झाले असते.” मग चष्मा परत चढवला. “दिवसभर ऑफिसात हसून बोलायचं. घरी येताना लिफ्टमध्ये मी चेहरा नीट करते, बाबा. कारण आत गेल्यावर सून व्हायचं असतं. तुम्ही काहीच मागत नाही, तरी व्हायचं असतं. आता तेवढंही होत नाही माझ्याच्यानं.”

मी म्हणालो, की लिफ्टचा आवाज आला की मीसुद्धा सदरा चढवतो. नाट्यगीत बंद करतो, साखरेचा डबा मागे सारतो. तिला हे माहीत नव्हतं. मी बनियनवर बसतो हे ऐकून ती माझ्याकडे जरा नव्यानं बघायला लागली.

आणि बोलता बोलता माझ्याही तोंडून आलं, की मलाही जायचंय. हे मी तोवर स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. मुलगा दुखावेल, लोक काय म्हणतील, इतकं करूनही थेरड्याला कदर नाही, असं सगळं डोक्यात होतं. तिनं नाही म्हटलं नसतं तर मी फ्लॅट विकला असता आणि इथे मरेपर्यंत सदरा चढवत राहिलो असतो. तरी सांगतो, तिच्या नाहीचं दुःख काही यानं कमी झालं नाही. सुटका आणि दुःख, दोन्ही शेजारी शेजारी होतं.

ती म्हणाली, निशिकांतला हे कसं सांगायचं? त्याला वाटेल, मी तुम्हाला घालवलं. मी म्हणालो, त्याला सांगायचं काम माझं. तू यात नाहीस.

आम्ही एकाच छत्रीतून घरी आलो, कारण माझी वाऱ्यानं उलटली. हॉल थंडगार झाला होता, खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. अश्लेषानं कपडे बदलले. मी चहा टाकला, दोघांच्या कपांत साखर घातली, ती बघत असतानाच घातली. मग खोलीत जाऊन सदरा काढला आणि बनियनवर बाहेर आलो. खरं सांगतो, त्या चार पावलांना मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. मी आरामखुर्चीत बसलो, टीपॉयवर पाय टाकले आणि म्हणालो, “आता पड.”

ती सोफ्याच्या कडेला कप घेऊन बसली होती. चहा संपवला. एकदा माझ्याकडे बघितलं, मग पाय वर घेतले. मग आडवी झाली, गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. एकदोनदा डोळे उघडून तिनं माझी चाहूल घेतली. मी खिडकीकडे बघत बसलो. मी परत वळून पाहिलं तेव्हा तिचं तोंड उघडं पडलं होतं आणि ती बारीक घोरत होती. माझ्या मुलीसारखी, असं काही मी म्हणणार नाही. मला मुलगी नाही, मला काय माहीत. पण माझ्यासमोर कुणीतरी निर्धास्त झोपलं, याला फार दिवस झाले होते.

दुपारच्या सुट्टीत निशिकांतचा फोन आला. मी उठून लांब गेलो नाही, नुसता आवाज बारीक केला. त्याला सांगितलं, फ्लॅट विकायचा नाही, पास संपला की मी परत जातो, शेजाऱ्यांना मीच कळवतो. तो मग चिडला. इथे तुम्हाला काय कमी आहे, आम्ही कुठे कमी पडलो, हे विचारत राहिला. मी म्हणालो, कुणीच कुठे कमी पडलं नाही, मला माझ्या घरी राहायचंय. हा नुसता हट्ट आहे, असं तो म्हणाला. मी म्हणालो, आहे. पोरगं दुखावलं होतं. तुआसच्या त्या मोठ्या कँटीनमध्ये माणसांच्या गलक्यात फोन कानाला दाबून उभा असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि मला गलबलून आलं. एका वाक्यात त्याला खरं कळलं असतं आणि माझ्यावरचा त्याचा राग गेला असता. पण तो राग गेला असता तो या सोफ्यावर येऊन बसला असता.

“आणि अश्लेषाचा विचार केलात का?” तो म्हणाला. “तिनं एवढं केलं तुमचं. तिला केवढं वाईट वाटेल.”

मी सोफ्याकडे बघितलं. गोधडी एका बाजूनं घसरली होती, तिची पावलं उघडी पडली होती.

“वाटेल रे,” मी म्हणालो. “आत्ता ती झोपली आहे. उठली की सांगतो तिला.”